ट्रॅक्टरच्या लोडर बकेटला हूक लावून ओढणं-उचलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बकेटला हूक लावतात म्हणजे नक्की काय करतात?

फ्रंट लोडरची बकेट बनवलेली असते माती, खडी, शेणखत भरायला आणि ढकलायला. पण घरात लोडर आला की आठवड्याभरात माणूस त्यानं ओंडके उचलायला लागतो, इंजिन काढायला लागतो, चिखलात रुतलेली गाडी ओढायला लागतो, आणि बकेटला साखळी कुठं बांधायची हे कळेना म्हणून कडेला गुंडाळतो, ती घसरते. मग कुणीतरी सांगतं की वरच्या कडेला दोन-तीन हूक वेल्ड करून घे. एवढंच मूळ काम आहे. त्याच्या पुढं मग कुणी ट्रेलर हलवायला हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) बसवतो, कुणी पात्याला, म्हणजे बकेटच्या पुढच्या धारेला, अडकवायचे फोर्क (माल उचलायचे लांब दांडे) घेतो, कुणी बूम, म्हणजे पुढं काढलेला लांब दांडा, लावतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हूक सहसा तुटत नाही, हुकामागचा पत्रा फाटतो किंवा ट्रॅक्टर पलटी होतो. त्यामुळं खालचे निम्मे प्रश्न हुकाबद्दल नाहीतच, वजन कुठून कुठं जातंय त्याबद्दल आहेत.

माझा लोडर किती उचलेल? पुस्तकातला आकडा खरा धरू का?

खरा असतो, पण तो कुठं मोजलाय ते बघा. बहुतेक कंपन्या दोन आकडे देतात, एक बकेटच्या पिनेवर (बकेट लोडरच्या हातांना जिथं जोडलेली असते तिथं) मोजलेला आणि दुसरा पिनेच्या 500 मिमी पुढं मोजलेला. जाहिरातीत पहिला टाकतात कारण तो मोठा दिसतो. तुमचं वजन पिनेवर कधीच नसतं, पुढंच असतं.

साध्या लोडरचा ढोबळ हिशोब असा. समजा पिनेवर 600 किलो उचलतो आणि लोडरच्या हातांचा मागचा बिजागर ते पिन हे आडवं अंतर 1.8 मीटर आहे. म्हणजे ताकद 600 गुणिले 1.8 = 1080. आता वजन पिनेच्या अर्धा मीटर पुढं गेलं की 1080 भागिले 2.3, साधारण 470 किलो. एक मीटर पुढं गेलं की 1080 भागिले 2.8, म्हणजे 385 किलो. ट्रॅक्टर तोच, तेल तेच, फक्त वजन एक मीटर पुढं सरकलं आणि दोनशे किलोच्या वर ताकद गेली. त्यातून बकेटचं स्वतःचं वजन, साखळी, तुम्ही लावलेलं लोखंड हे सगळं वजा करायचं, म्हणून पुस्तकातला आकडा बकेट धरून आहे की बकेटशिवाय हेही वाचा.

शिवाय उंचीप्रमाणं ताकद बदलते. जमिनीजवळ लोडर जे सहज सुटं करतो ते पूर्ण वर नेताना बरेचदा अर्ध्यात अडकतं, कारण सिलिंडरचा कोन बदलतो. आणि बकेट आत-बाहेर वळवणाऱ्या सिलिंडरची मर्यादा वेगळीच, कधीकधी हात वजन उचलतात पण बकेट आपोआप पुढं झुकते, तेव्हा समजायचं की वळवणारे सिलिंडर हरले.

मग हूक कुठं लावू?

वरच्या कडेला, दोन्ही बाजूंच्या उभ्या पत्र्यांच्या शक्य तितक्या जवळ. बकेटचं सगळ्यात ताठ ठिकाण तेच, कारण तिथं तीन बाजूंनी पत्रा येऊन मिळतो. शक्य असेल तर हूक लोडरच्या हातांच्या रेषेत येईल असा बसवा, म्हणजे वजन सरळ हातात जातं आणि बकेटला पीळ बसत नाही.

वरची कड का, तर बकेट थोडी पुढं ओतल्यासारखी वळवली की वरच्या कडेवरून साखळी मोकळी लटकते आणि पात्याला घासत नाही, आणि पात्यावर लटकवण्यापेक्षा वजन पिनेच्या जवळ राहतं. वरच्या हिशोबात बघितलं तसं दर दहा-वीस सेंटीमीटरला किंमत आहे. बकेट सपाट ठेवून वरच्या हुकाला साखळी लावली तर ती खाली येताना पात्यावर मोडते, तसं उचलायचं नाही, तिथं कडी वाकते आणि साखळीची ताकद बरीच कमी होते.

हुकाचं तोंड कुठल्या दिशेला हेही आधी ठरवा. बकेट जमिनीवर सपाट असताना साखळी अडकवायला सोपी जावी आणि बकेट पुढं झुकवल्यावर ती सुटू नये, दोन्ही जमलं पाहिजे. वेल्डिंगचा टाका मारायच्या आधी हूक क्लॅम्पनं धरून बकेट हळूहळू पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर वळवून बघा, बोनेटला, ग्रीलला, होजला कुठं लागत नाही ना ते बघा. हे न करता वेल्ड केलेले हूक नंतर ग्राइंडरनं कापलेले बऱ्याच जणांकडं दिसतील.

मध्यभागी एकच हूक लावला तर?

लोक लावतात आणि त्याचा उपयोगही सगळ्यात जास्त होतो, कारण एकच साखळी सरळ खाली सोडायची असते. पण वरच्या कडेचा मध्य हा बकेटचा सगळ्यात लवचिक भाग. लहान ट्रॅक्टरच्या बकेटचा पत्रा बऱ्याचदा पाच मिमीच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो, वरची कड नुसती दुमडून डबी केलेली असते. तिथं थेट हूक मारला की कड हळूहळू धनुष्यासारखी वाकते.

उपाय म्हणजे आधी वरच्या कडेवर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक जाड अँगल किंवा चौकोनी पाइप बसवायचा, तो दोन्ही उभ्या पत्र्यांना जोडायचा, आणि मग त्यावर मधला हूक. अँगलचं वजन मात्र उचलण्याच्या आकड्यातून जातं हे विसरू नका, छोट्या लोडरला 15-20 किलोसुद्धा जाणवतात.

दोन कडेला दोन आणि मध्ये एक अशी तीन हुकांची मांडणी माझ्या मते सगळ्यात कामाची. कडेच्या एकाच हुकावर जड वजन कधी घ्यायचं नाही, लोडरचे दोन्ही हात पिळले जातात आणि मधली आडवी नळी त्याच्यासाठी कितीही जाड असली तरी पिना आणि बुश वाकडे झिजतात.

कुठला हूक घ्यायचा?

दोन मुख्य प्रकार. ग्रॅब हूक, ज्याचं तोंड अरुंद असतं, साखळीची एक कडी आडवी त्यात बसते आणि पुढची कडी अडकते, म्हणजे साखळी पाहिजे त्या लांबीवर लॉक होते. दुसरा स्लिप हूक, तोंड मोठं, त्यात बेल्ट किंवा कडं अडकवता येतं, आणि त्याला वरून झडप पाहिजेच. झडप नसलेला स्लिप हूक उचलायच्या कामाला वापरू नका, साखळी एकदा ढिली झाली की ती आपोआप बाहेर पडते.

वेल्ड करायचा असेल तर दुकानात सांगून वेल्ड-ऑन हूकच मागा. साखळीच्या टोकाला येतो तो ग्रेड 80 चा हूक उष्णता देऊन कडक केलेला असतो, त्याला वेल्डिंगची आच लागली की कडकपणा जातो किंवा टाक्याशेजारी तडा जातो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हूक नको असेल तर जाड पट्टीला भोक पाडून कान तयार करा आणि त्यात बो शॅकल (पिन लावून बंद होणारं लोखंडी कडं) घाला. मला स्वतःला हे जास्त आवडतं, कारण शॅकलवर वजनमर्यादा कोरलेली असते, खराब झाला तर बदलता येतो, आणि बेल्ट, साखळी काहीही लागतं. कानाची पट्टी शॅकलच्या पोटात बऱ्यापैकी भरून बसेल अशी जाड घ्या आणि भोकापासून कडेपर्यंत किमान भोकाच्या व्यासाएवढं लोखंड सोडा.

वेल्ड करू की नट-बोल्टनं बसवू?

वेल्डिंगवर विश्वास नसेल तर बोल्ट. 8.8 किंवा 10.9 ग्रेडचे बोल्ट, आतल्या बाजूनं जाड पाठपट्टी, नायलॉक नट, झालं. बकेट नवी आहे आणि वॉरंटी आहे तर बोल्टसुद्धा आधी डीलरला विचारून मारा, कारण भोक पाडणं हा पण बदलच झाला.

वेल्डिंगचा फायदा म्हणजे ताकद सगळ्या कडेनं पसरते आणि मातीत अडकायला बोल्टची डोकी राहत नाहीत.

कुठला रॉड, किती जाड टाका?

7018 रॉड, आणि तो कोरडा. हा लो-हायड्रोजन रॉड आहे, पाकीट फोडून महिनाभर शेडच्या कोपऱ्यात पडला असेल तर त्यानं ओल धरलेली असते आणि त्या ओलीतला हायड्रोजन टाक्याशेजारी तडे पाडतो, दुसऱ्या दिवशीसुद्धा पाडतो. 6013 नं पण चिकटतं, दिसायलाही सुंदर दिसतं, पण झटके खाणाऱ्या कामाला 7018 बरा. मिग (तारेचं वेल्डिंग मशीन) असेल तर मिग चालेल, पण जाड पट्टीवर कमी करंटचं मिग नुसतं वर बसतं, आत शिरत नाही.

आकड्यात सांगायचं तर 6 मिमी फिलेटचा, म्हणजे कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी टाक्याचा, गळा (सगळ्यात कमी जाडी) असतो साधारण 4.2 मिमी, आणि 7018 ला परवानगीचा ताण 145 न्यूटन प्रति चौरस मिमी धरला तर टाक्याच्या दर सेंटीमीटरला 600 किलोच्या आसपास येतं. दहा सेंटीमीटर टाका म्हणजे कागदावर सहा टन! हे वाचून लोक खूश होतात. पण तो टाका ज्या पत्र्यावर आहे तो पाच मिमीचा आहे, आणि फिलेट त्या पत्र्यापेक्षा जाड मारून काही मिळत नाही, उलट पत्रा जळतो.

म्हणून पातळ पत्र्यावर थेट हूक मारायचा नाही. आधी 8-10 मिमीची पट्टी, हुकापेक्षा चांगली मोठी, कोपरे गोल करून बकेटला चहूबाजूंनी वेल्ड करा, आणि हूक त्या पट्टीवर. कोपरे गोल कशाला, तर चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तडा तिथूनच निघतो. रंग, गंज, ग्रीस ग्राइंडरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. टाका कोपऱ्यात सुरू किंवा बंद करू नका, वळवून पुढं न्या.

वेल्डिंग करताना ट्रॅक्टरला काही होतं का?

होऊ शकतं, आणि हुकापेक्षा महाग काहीतरी होतं. सगळ्यात चांगलं म्हणजे बकेट काढून जमिनीवर ठेवून वेल्डिंग करा. काढता येत नसेल तर बॅटरीची केबल सोडा, अल्टरनेटरची आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर त्याची सॉकेट काढा. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ, त्याच तुकड्यावर लावा. चिमटा मागं चाकाला लावला आणि टाका पुढं बकेटवर मारला तर करंट पिना, बुश, बेअरिंग, सिलिंडर यातून जातो आणि तिथं बारीक ठिणग्या पडून खड्डे होतात.

सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर ओलं फडकं किंवा वेल्डिंगची चादर टाका, एक थेंब उडून चिकटला की सील फाडत बसतो. होजजवळ आच नेऊ नका. गॅल्व्हनाइज्ड लोखंड असेल तर जस्त घासून काढा, त्याच्या धुरानं ताप येतो. आणि क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसून लगेच वेल्डिंग अजिबात करू नका, त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे, थट्टा नाही.

पुढच्या पात्यावर हूक मारू का? जागा मस्त आहे

नको. पातं बहुतेक वेळा जास्त कार्बनचं किंवा कडक केलेलं स्टील असतं, नीट तापवून न घेता वेल्ड केलं की टाक्याच्या कडेनं तडकतं. शिवाय पिनेपासून सगळ्यात लांब तेच, आणि जमिनीत घासणारही तेच.

साखळी कुठली?

साखळीचा ग्रेड म्हणजे तिच्या तुटण्याच्या ताणाचा दहावा भाग, ग्रेड 80 म्हणजे किमान 800 न्यूटन प्रति चौरस मिमी. उचलण्यासाठी ग्रेड 80 किंवा 100 च. ग्रेड 70 ची पिवळसर साखळी ट्रकवर माल बांधायची आहे, ओढायला चालते, डोक्यावर वजन लटकवायला नाही. 10 मिमीच्या ग्रेड 80 साखळीची कामाची मर्यादा 3.15 टन, ग्रेड 100 ची 4 टन, दोन्हीत तुटण्याच्या ताकदीच्या एक चतुर्थांश धरलेलं असतं. मर्यादा तीन टन आणि लोडर उचलतो चारशे किलो, म्हणजे साखळी भक्कमच आहे असं वाटतं, आणि सावकाश उचलताना ते खरंही आहे. झटक्याचा हिशोब वेगळा. अचानक सोडलेलं वजन किमान दुप्पट ताण देतं, थोडंसं पडून मग अडकलं तर कितीतरी पट.

साध्या हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते ती बिनशिक्क्याची साखळी बादली लटकवायला ठीक. कडीवर ग्रेडचा आकडा उमटलेला असतो, नसेल तर घेऊ नका. साखळीला गाठ मारायची नाही, तुटलेली कडी बोल्टनं जोडायची नाही, वेल्ड तर नाहीच. कडीची जाडी 10 टक्के झिजली की साखळी उचलण्यातून बाद, मग कुंपणाच्या गेटला वापरा.

बेल्ट वापरला तर? आणि दोन हुकांना दोन टोकं लावली तर ताकद दुप्पट होते का?

पॉलिएस्टरचा बेल्ट छान, रंग लागलेल्या किंवा नाजूक वस्तूला तर तोच. बेल्टला रंगावरून मर्यादा कळते: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, राखाडी 4, लाल 5. तरी शिवलेलं लेबल वाचा, लेबल निघालेला बेल्ट वापरात ठेवू नका. बेल्टचा शत्रू म्हणजे धारदार कड, आणि बकेटवर धारदार कडा भरपूर आहेत, तिथं जुन्या होजचा चिरलेला तुकडा घाला.

दोन टोकांचं उत्तर कोनावर आहे. 400 किलोचं वजन, दोन पाय, म्हणजे हुकांकडं जाणारी दोन टोकं. पाय जमिनीशी 60 अंशात असतील तर प्रत्येकावर साधारण 230 किलो ताण. 45 अंशात 283. आणि 30 अंशात प्रत्येक पायावर पूर्ण 400! म्हणजे दोन पाय लावून फायदा शून्य, आणि शिवाय हुकांना आडवा ओढा बसतो तो वेगळाच. साखळ्या जितक्या पसरट तितका ताण जास्त, म्हणून हूक लांब-लांब असतील तर साखळी लांब घ्या किंवा मधला हूक वापरा.

मागं वजन लावायलाच पाहिजे का?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मध्ये एका पिनेवर डुलतो. म्हणजे ट्रॅक्टर बाजूला कलंडताना चार चाकांवर उभा नसतो, तो तिपाईवर उभा असतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. बाजूचा सगळा आधार मागच्या चाकांचा. आता पुढं वजन उचललं की मागची चाकं हलकी होतात, आणि बऱ्याच ट्रॅक्टरला ब्रेकही फक्त मागच्या चाकांना असतो. म्हणजे एकाच वेळी आधार गेला, ब्रेक गेला, आणि वजन वर आहे. एक चाक उंदराच्या बिळात गेलं तरी पुरतं.

हिशोब करून बघू. पुढच्या अ‍ॅक्सलच्या 1.5 मीटर पुढं 400 किलो, व्हीलबेस 1.7 मीटर. मागच्या अ‍ॅक्सलवरून साधारण 350 किलो कमी झाले आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर 750 वाढले. आता थ्री पॉइंटला (मागं अवजार जोडायच्या तीन दांड्यांना), मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागं, 350 किलोचा ठोकळा लावा. मागं 550 च्या वर परत आले आणि पुढचं 200 किलोनं हलकं झालं. तेच 350 किलो टायरमध्ये पाणी भरून ठेवलं तर मागं 350 मिळतात पण पुढच्या अ‍ॅक्सलचा भार एक किलोही कमी होत नाही. पाणी चांगलंच आहे, पण लोडरला मागं लटकवलेलं वजन त्याहून चांगलं. नांगर, रोटाव्हेटर, सिमेंटनं भरलेला ड्रम, काहीही. किती किलो ते लोडरच्या पुस्तकात असतं, तेवढं लावा.

बकेटच्या हुकानं गाडी टोचन करून ओढू का?

पुढं चालवत ओढायचं असेल तर मागचा ड्रॉबार (ओढायचा दांडा) आहे, तो त्याच कामासाठी खाली बसवलाय. मागं पण उंच ठिकाणी, टॉप लिंकला (थ्री पॉइंटच्या वरच्या दांड्याला) किंवा सीटमागच्या कुठल्या कानाला साखळी बांधून ओढलं तर ट्रॅक्टर पुढून उठून चालकावर उलटा येतो, एक-दीड सेकंदात, क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

बकेटच्या हुकानं ओढायचं म्हणजे रिव्हर्समध्ये. हलकं ओढायला लोक सर्रास करतात: ओंडका बाहेर काढणं, पडलेली फांदी, रिकामी ट्रॉली. बकेट जमिनीपासून वीतभर उंचीवर, साखळी सरळ रेषेत, आधी हळूहळू ताणून घ्यायची आणि मग रांगत्या गिअरमध्ये. बकेट उंच धरून ओढलं तर ओढा ट्रॅक्टरला नाकावर दाबतो आणि मागची चाकं नुसती फिरतात.

तिरकं ओढणं वाईट. लोडरचे हात वर-खाली जोरासाठी आहेत, बाजूच्या ओढ्यासाठी नाहीत, आणि तो ओढा शेवटी जातो कुठं तर ज्या ब्रॅकेटनं लोडर ट्रॅक्टरच्या ओतीव हाउसिंगला बांधलाय तिथं. ओतीव लोखंड वाकत नाही, तडकतं. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात लोडरनं ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं, तुमच्या पुस्तकात असेल तर विषय संपला.

चिखलात खोल रुतलेलं वाहन झटका मारून काढायचं काम बकेटकडून करून घेऊ नका. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणला जातो, त्यात ताकद साठते, आणि टोकाचा हूक निघाला तर तो गोळीसारखा येतो. साखळीवर किंवा दोरावर जाड गोणपाट, ओलं पोतं टाका, आणि बघ्यांना ताणलेल्या दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा.

झाडाचा बुंधा उपटायला साखळी बांधून लोडर वर उचलला तर निघेल ना?

छोटा, मुळं आधी तोडलेला, माती मोकळी केलेला बुंधा निघतो. नाहीतर काय निघत नाही, आणि रिलीफ वाल्व (तेलाचा दाब मर्यादेबाहेर गेला की तो सोडून देणारा वाल्व) किंचाळायला लागतो तिथं थांबायचं. या कामात लोक दोन चुका हमखास करतात: वाल्व किंचाळत असताना मागं-पुढं झटके देतात, आणि बकेट पूर्ण बाहेर ओतलेल्या अवस्थेत मागं ओढतात. पूर्ण बाहेर ओतलेल्या बकेटमध्ये सिलिंडरचा दांडा पूर्ण बाहेर आलेला असतो, बारीक आणि लांब, त्याला दाब बसला की तो वाकतोच. वाकलेला दांडा सरळ होत नाही, बदलावा लागतो.

ट्रेलर हलवायला बकेटला हिच बसवली तर?

ही खरंच कामाची सोय आहे. ट्रेलर समोर दिसत असतो, शेडच्या कोपऱ्यात इंचा-इंचानं घालता येतो, मान मोडून मागं बघायला नको. 50 मिमीची रिसीव्हर नळी बकेटच्या तळाशी किंवा वरच्या अँगलला मध्यभागी बसवतात आणि त्यात बॉल. तळाशी असेल तर ती नळी बकेटच्या खाली लोंबू देऊ नका, भरताना अडकते.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10-15 टक्के भार हिचवर येतो हे धरून चाला, दोन टनाचा ट्रेलर म्हणजे 200-300 किलो पिनेच्या पुढं. बकेट वळवायचा लिव्हर चुकून हलला तर बॉल ट्रेलरमधून निसटतो, म्हणून कपलरचं (ट्रेलरच्या बॉलवर बसणाऱ्या तोंडाचं) लॉक लावायचंच, नुसतं वर ठेवून ढकलायचं नाही. लोडर फ्लोटमध्ये (हात आपोआप वर-खाली होतात त्या स्थितीत) टाकायचा नाही. उतारावर नाही. रस्त्यावर तर नाहीच, हे फक्त आवारात जागा बदलायचं काम आहे.

पात्याला अडकवायचे क्लॅम्प फोर्क कसे?

स्वस्त आणि हलक्या कामाला बरे. पण फोर्क एक मीटर लांब आणि ते बकेटच्याही पुढून सुरू होतात, म्हणजे वजन पिनेपासून दीड मीटरच्या आसपास गेलं, वरच्याच लोडरला आता 325 किलो, आणि त्यातून बकेट आणि फोर्कचं वजन वजा. शिवाय क्लॅम्पचा स्क्रू पात्याला एका ठिकाणी दाबतो आणि पातं तिथं वाकतं, म्हणून दोन्ही फोर्कच्या मधे आडवी साखळी किंवा पट्टी बांधा, ते बाहेर पसरत नाहीत.

क्विक अटॅच (बकेट पटकन काढायची-घालायची सोय) असेल तर बकेट काढून वेगळी फोर्कची फ्रेम लावणं हे कितीतरी पटीनं चांगलं, बकेटचे शे-दीडशे किलो वाचतात आणि वजन पिनेला चिकटून राहतं.

लांब बूम लावून उंच उचलता येईल का?

उंची मिळते, वजन जातं. दोन मीटरच्या बूमवर वरच्या लोडरचे 285 किलोच्या आत राहिले, बूम वजा न करता. आणि झुलणारं वजन उंचावर, त्यात वरून वीजतारा. हलकं आणि क्वचित काम असेल तर ठीक, शेडवर कैच्या चढवायच्या असतील तर क्रेन बोलवा.

रिलीफ वाल्वचं प्रेशर वाढवलं की जास्त उचलेल का?

उचलेल. मग होज, सिलिंडरचे कान, पिना आणि पुढचा अ‍ॅक्सल यातलं जे सगळ्यात कमजोर आहे ते तुम्हाला कळेल. कंपनीनं तो वाल्व सगळ्या बाकीच्या भागांचा हिशोब करून लावलेला असतो. प्रेशर कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी झालं असेल तर गेज लावून पुन्हा त्या आकड्यावर आणा, पुढं नाही.

वजन लटकलेलं असताना चालवायचं कसं?

जमिनीपासून कमीत कमी उंचीवर, पायी चालायच्या वेगापेक्षा हळू, आणि वळताना त्याहून हळू. झुलायला लागलं तर ब्रेक मारू नका, आणखी झुलतं, हळूहळू थांबा. वजनाला एक लांब दोरी बांधून दुसऱ्या माणसाच्या हातात द्या, तो वजनापासून लांब आणि तुम्हाला दिसेल असा उभा. उतारावर आडवं जायचं नाही. रोलओव्हर बार (पलटी झाल्यावर चालकाला वाचवणारी कमान) उभा आणि सीटबेल्ट लावलेला, बार घडी केलेला असेल तर बेल्टचा उपयोग नाही.

वजनाखाली कुणी नाही, उचललेल्या बकेटखाली कुणी नाही. होज फुटला की लोडर विचारून खाली येत नाही. वर करून काही दुरुस्ती करायची असेल तर हातांना लोखंडी टेकू लावा. आणि बकेटमध्ये माणूस उभा करून आंबे काढणं, बल्ब बदलणं, पत्रे ठोकणं हे सगळीकडं चालतं म्हणून बरोबर होत नाही, बकेट हा पाळणा नाही.

तपासायचं काय आणि कधी?

नव्या टाक्यावर पहिलं जड वजन घ्यायच्या आधी जमिनीपासून फक्त वीतभर उचला, थोडा वेळ धरा, खाली ठेवा, आणि हूक, पट्टी, बकेटचा पत्रा नीट बघा. टाक्याच्या कडेला रंगात केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची नसते असं धरूनच चाला, रंग घासून बघा. त्यानंतर ग्रीस मारायला जाल तेव्हा सहज नजर टाकत राहा: हुकाचं तोंड उघडलंय का, शॅकलची पिन पूर्ण आत आहे का, बोल्ट ढिले झालेत का, बकेटची वरची कड एका टोकाकडून बघितली की सरळ दिसते का.

वरची कड आधीच वाकलेली आहे, तिच्यावरच अँगल मारून टाकू?

आधी सरळ करा. वाकलेल्या कडेवर अँगल बसवायला मधे फट राहते, ती टाक्यानं भरून काढावी लागते, आणि असा फट भरलेला टाका पहिल्याच जड ओंडक्याला सुटतो. जॅक आणि जाड चॅनेल वापरून कड हळूहळू परत आणा, थोडं तापवावं लागलं तरी चालेल, ते साधं माइल्ड स्टील असतं. पत्र्याला दुमडीवर तडा गेला असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडा म्हणजे तो पुढं पळणार नाही, मग खाच करून वेल्ड भरा, घासा, आणि त्यावर अँगल.